कोडी घाला, परीक्षा घेऊ नका

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडात फार पटकन येते. साठी ओलांडलेल्या माणसाने चष्मा कुठे ठेवला हे दोनदा विचारले, की घरातील कोणीतरी ती ऐकवतेच. ऐकवणारा विसरून जातो, पण ज्याला ऐकवली त्याच्या मनात धास्ती बसते. मग उपाय सुरू होतात. कोणी बदाम भिजत घालतो, कोणी ब्राह्मीची बाटली आणतो आणि हल्ली बरेच जण शब्दकोडी, सुडोकू किंवा मोबाइलवरील कोड्यांच्या खेळांकडे वळतात. ‘‘डॉक्टर, रोज एक कोडं सोडवलं तर म्हातारपणी डोकं शाबूत राहतं ना?’’ असे विचारणारा एखादा तरी पेशंट दर आठवड्याला भेटतो.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की कोडे हा मेंदूचा चांगला व्यायाम आहे. मात्र ते औषध नाही आणि रोगाची तपासणी तर मुळीच नाही. या तिन्ही गोष्टी आज क्रमाने पाहू.

कोडे सुटताना मेंदूत काय घडते?

एक साधे कोडे घ्या. ‘गावभर हिंडून येतात, पण घरात पाऊल टाकत नाहीत. ओळखा पाहू कोण?’

वाचकहो, उत्तर शोधताना आपण काय करता ते पाहा. प्रथम वाक्य नीट ऐकून ते डोक्यात धरून ठेवावे लागते. ही झाली तात्पुरती स्मृती. मग ‘हिंडणारे’ म्हणताच माणसे, गुरे, भटकी कुत्री नजरेसमोर येतात. ती दुसऱ्या अटीत बसत नाहीत, म्हणून सोडून द्यावी लागतात. जुन्या आठवणींच्या कोठारातून दुसरे काहीतरी काढावे लागते आणि अचानक दाराबाहेर काढून ठेवलेल्या वहाणा आठवतात! चेहऱ्यावर हसू येते ते वेगळेच.

यातील सर्वांत मोलाची पायरी म्हणजे सुचलेले पहिले उत्तर बाजूला सारणे. हे काम मुख्यतः कपाळामागील मेंदूचा पुढचा भाग करतो. रोजच्या व्यवहारात घाईने निर्णय न घेणे, एक बेत फसला तर दुसरा आखणे, रागावर ताबा ठेवणे, ही कामेही बऱ्याच अंशी त्याच्याकडेच असतात.

आणखी एक कोडे पाहा. विहीर तीस फूट खोल आहे. तळाशी बसलेला बेडूक दिवसा तीन फूट चढतो आणि रात्री दोन फूट घसरतो. तो कितव्या दिवशी बाहेर येईल? बहुतेक जण चटकन ‘तिसाव्या’ म्हणतात. पण सत्तावीस दिवस संपतात तेव्हा तो सत्तावीस फुटांवर असतो. अठ्ठाविसाव्या दिवशी तीन फूट चढला की तो काठावर येतो, मग घसरण्याचा प्रश्नच उरत नाही. पहिले उत्तर मागे घेऊन पुन्हा विचार करायचा, हाच खरा व्यायाम.

पाठ झाले की व्यायाम संपला

वाघ, शेळी आणि गवताचा भारा होडीतून पलीकडे नेण्याचे कोडे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणीच ऐकलेले असते. आज ते कोणी घातले तर आपण विचार करत नाही, पाठ असलेले उत्तर सांगतो. तेच वर्षानुवर्षे एकाच धाटणीचे शब्दकोडे सोडवणाऱ्याचे होते. ‘चार अक्षरी नदी’ किंवा ‘तीन अक्षरी फूल’ म्हटले की हात आपोआप चालतो. करमणूक म्हणून ते चांगलेच आहे. पण मेंदूला घाम फुटत नाही.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ जणांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात एका गटाला स्मरणाचे, दुसऱ्याला तर्काचे आणि तिसऱ्याला झटपट पाहून ओळखण्याचे शिक्षण दिले. ज्या गटाला जे शिकवले त्यात त्याची प्रगती झाली, पण ती इतर दोन गोष्टींत उतरली नाही. दंड काढून दंडच भरतात, मांड्या नव्हेत, तसाच हा प्रकार. म्हणून कोडी बदलती हवीत. आज शब्दांचे, उद्या आकड्यांचे, परवा काड्यापेटीच्या काड्यांचे. थोडे अडले पाहिजे, पण वैतागून सोडून द्यावे इतकेही नाही.

मग औषध का म्हणायचे नाही?

न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा काही वर्षे पाठपुरावा करून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे, म्हणजे डिमेन्शियाचे, प्रमाण कमी आढळले. ही बातमी आनंदाची आहे. पण त्यात एक मेख आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात कित्येक वर्षे आधी गुपचूप होते आणि अशा माणसाचा छंदांतील रस आपोआप कमी होतो. तेव्हा छंदामुळे रोग टळला की रोगामुळे छंद सुटला, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे ठरवता येत नाही.

म्हणूनच ‘हा खेळ खेळा आणि स्मृतिभ्रंश टाळा’ अशा जाहिरातींना भुलू नका. मेंदूचे खेळ विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने असेच दावे केले होते. त्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याच्या आरोपावरून तेथील फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०१६ साली कंपनीने वीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

मेंदूला जपायचे तर त्याच्या रक्तवाहिन्या आणि कान-डोळे आधी जपावे लागतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. कमी शिक्षण, कमी ऐकू येणे, उपचार न केलेली अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाईट चरबी, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण, ही ती चौदा कारणे. ती सगळी दूर झाली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलता येईल, असा या आयोगाचा अंदाज आहे. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करून सुडोकू सोडवत बसणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंतींना रंग देणे होय.

शाळा न शिकलेल्यांचे काय?

‘‘डॉक्टर, मला तर सही पण येत नाही, मी कसली कोडी सोडवू?’’ असे एका आजींनी विचारले. मी त्यांना म्हटले, ‘‘आजी, तुम्ही सोडवू नका, तुम्ही घाला.’’ कोडे हा प्रकार मुळात कागदाचा नाही, तोंडी आहे. दळताना, शेंगा फोडताना, चांदण्यात अंगणात बसून आपल्या आज्या-पणज्या कोडी घालत. उखाणा म्हणजे आज आपण नाव घेणे एवढेच समजतो, पण जुन्या लोकांत कोड्यालाही उखाणा म्हणत. कोकणात आणि गोव्यात त्याला हुमाण म्हणतात. अक्षरओळख नसलेल्या आजींकडे असा साठा असतो, की बारावीचा नातू हात टेकेल.

या खेळात दोन माणसे लागतात, हा त्याचा मोठा गुण. एकटेपणा हे वरील चौदा कारणांपैकी एक आहे, हे लक्षात घ्या. मोबाइलवर एकट्याने सोडवलेल्या दहा कोड्यांपेक्षा नातवंडांच्या गोंधळात घातलेली दोन कोडी मला जास्त मोलाची वाटतात.

अशिक्षितांना धीर देणारा एक अभ्यास आपल्याच देशातला आहे. हैदराबाद येथे स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले. अक्षरओळख नसलेल्यांतही हा फरक होता. दुसऱ्या भाषेत बोलताना योग्य शब्द निवडायचा आणि पहिल्या भाषेतला रोखून धरायचा, हे एक प्रकारचे कोडेच असते. बाजारात हिंदी, घरात मराठी आणि माहेरच्या माणसांशी कानडी किंवा अहिराणी बोलणारी बाई दिवसभर हा व्यायाम करतच असते.

कोडे ही तपासणी नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचे. काही दिवसांपूर्वी सत्तरीच्या एका बाईंना घेऊन त्यांची सून आली. म्हणाली, ‘‘आमच्या सासूबाईंचं डोकं चालेनासं झालंय. हे रोज सकाळी त्यांना विचारतात, आज तारीख काय, शंभरातून सात गेले किती. आधी चुकायच्या, आता तर बोलतच नाहीत.’’ मी बाईंच्या कानाशी जाऊन मोठ्याने त्यांच्या माहेरचे नाव विचारले. त्यांनी गावाचे नाव तर सांगितलेच, शिवाय तिथली जत्रा कधी भरते तेही सांगितले! कानात मळ गच्च बसला होता, त्यामागे वयोमानाचा बहिरेपणा होता आणि रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले. मळ काढला, श्रवणयंत्र लावले, इंजेक्शने दिली. दोन महिन्यांनी त्या पुन्हा घरातल्या बोलण्यात भाग घेऊ लागल्या. मुलाचा हेतू वाईट नव्हता. पण रोज सकाळी सर्वांदेखत नापास व्हायचे म्हणजे काय, हे त्या माउलीलाच ठाऊक.

याच्या उलटही घडते. एक निवृत्त गृहस्थ रोजचे शब्दकोडे वीस मिनिटांत पुरे करत. त्यामुळे त्यांनी वीजबिल दोनदा भरले, नेहमीच्या गल्लीत रस्ता चुकले, तरी घरच्यांनी वर्षभर मनावर घेतले नाही. तपासणीत स्मृतिभ्रंशाची सुरुवात आढळली. जुनी मुरलेली सवय शेवटपर्यंत टिकते आणि आजार झाकते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. याचा अर्थ साठीपुढील बहुसंख्यांना तो नाही. नाव पटकन न आठवणे, मग तासाभराने आठवणे, हे वयोमानाने होते. पण पुढील लक्षणे दिसली तर कोड्यांचे पुस्तक आणू नका, डॉक्टरांकडे चला:

– तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणे
– ओळखीच्या रस्त्यावर चुकणे
– पैशांच्या साध्या व्यवहारात गोंधळ होणे
– रोजचा स्वयंपाक किंवा कामाचा क्रम चुकणे
– स्वभावात एकाएकी फरक पडणे

थायरॉइडची कमतरता, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेले रक्त, यांमुळेही विसर पडतो आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. एखाद्या दिवसात अचानक बरळणे किंवा माणसे न ओळखणे सुरू झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरी काय करावे?

१. दिवसातून पंधरा-वीस मिनिटे, शक्यतो दोघांनी मिळून कोडी घालावीत. वडीलधाऱ्यांना घालायला सांगावे, लहानांनी सोडवावीत. मग अदलाबदल करावी.

२. उत्तर आले नाही तर हसू नये. एक खूण द्यावी, मग दुसरी द्यावी. गुण मोजू नयेत.

३. कोड्याचा प्रकार आठवड्याला बदलावा.

४. ऐकू कमी येत असेल तर आधी कान, दिसत नसेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत.

५. रोज अर्धा तास चालावे. सोबती असेल तर चालता चालता कोडी घालण्यासही हरकत नाही, मात्र रस्ता ओलांडताना थांबावे!

६. ज्यांना स्मृतिभ्रंश झालाच आहे त्यांना नव्या कोड्यांनी छळू नये. त्यांना येत असलेली जुनी कोडी, जुनी गाणी यांत त्यांना रमू द्यावे.

जाता जाता एक जुने कोडे देतो. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथाचा ‘लीलावती’ हा भाग अशा कोड्यांनी भरलेला आहे. त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. लीलावतीतील एका गणिताचा आशय असा: भुंग्यांच्या थव्यापैकी पाचवा हिस्सा एका फुलझाडावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर गेला. या दोन हिश्शांतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडावर गेले. एक भुंगा हवेतच घोटाळत राहिला. तर थव्यात भुंगे किती?

आज रात्री जेवणे झाल्यावर हे घरात घाला. कागद-पेन्सिल सर्वांना द्या, आजोबांनाही. उत्तर पंधरा आहे. पण ते तुम्हाला माहीत आहे हे एवढ्यात कोणाला सांगू नका.