इंजिन गार राहते तेव्हा

मोटारीचे इंजिन तापले, की चालक घाबरतो; इंजिन गार राहिले, तर तो निश्चिंत होतो. हा निश्चिंतपणा किती फसवा असतो, हे पाहण्यासाठी आपण बुंदेलखंडातील एका रस्त्यावर जाऊ.

झाशीहून बरुआसागरमार्गे मऊरानीपुरास जाणारा रस्ता सुमारे ६५ किलोमीटरांचा आहे. या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर पौषातल्या पहाटे हात बधिर करणारी थंडी पडते. समजा, अशा एका पहाटे एक मोटार झाशीहून निघाली. अर्धा तास लोटला, तरी तापमापकाचा काटा खालच्या खुणेपाशीच रेंगाळत आहे. मोकळ्या रस्त्यावर तो आणखी खाली येतो, आणि रेल्वे-फाटकापाशी गाडी थांबली, की हळूहळू वर चढतो. आतील हीटरमधून कोमट वाराच तेवढा येतो. या लक्षणांचा अर्थ काय?

प्रथम इंजिनाला उष्णता कशासाठी हवी, हे समजून घेतले पाहिजे. इंधनातील उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो. उरलेली उष्णता धुरावाटे व थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जाते. पाण्याने ही उष्णता नेली नाही, तर इंजिनाचे भाग अडकून बसतील. परंतु ती गरजेपेक्षा जास्त नेली, तर वेगळेच संकट ओढवते. थंड भिंतींच्या सान्निध्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्याचे थेंब सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा थर धुऊन टाकतात आणि खाली उतरून वंगण पातळ करतात. शिवाय, एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. तिचा काही अंश पिस्टनच्या कडेने तेलाच्या टाकीत उतरतो. तेल गरम असेल, तर ही वाफ पुन्हा उडून जाते. तेल गार असेल, तर ती तेथेच थिजते आणि तेलाचा चिखल होऊ लागतो. आधुनिक गाडीतील नियंत्रक यंत्रणा तर इंजिन अजून तापायचे आहे असे समजून जास्त पेट्रोल सोडीत राहते. अशा रीतीने खर्चही वाढतो आणि झीजही.

हा समतोल राखणारा पहारेकरी म्हणजे थर्मोस्टॅट. पितळेच्या लहानशा डबीत विशिष्ट मेण भरलेले असते. पाणी ठराविक तापमानाला, बहुधा ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान, पोहोचले, की मेण वितळून फुगते, एक दांडी ढकलते आणि झडप उघडते. तोवर पाणी इंजिनातच फिरत राहते. झडप उघडल्यावरच ते रेडिएटरकडे जाते. ही मेणाची युक्ती १९३०च्या दशकात प्रचारात आली.

आता निदानाकडे वळू. चांगला वैद्य एकाच लक्षणावर विसंबत नाही. मिस्त्रीनेही विसंबू नये. इंजिन पूर्ण गार असताना प्रथम पाण्याची पातळी पाहावी. पाणी कमी असेल, तर तापमान मोजणारा संवेदक हवेत राहून खोटे सांगू शकतो. काटा खाली असूनही हीटर कडकडीत गरम वारा देत असेल, तर इंजिन गार नसून मापकच चुकतो आहे, असा संशय घ्यावा.

मापक खरा ठरला, तर पुढील पायरी रबरी नळीची. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर असतो. इंजिन गार असताना सुरू करावे आणि पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवून रेडिएटरची वरची नळी थोड्या थोड्या वेळाने चाचपावी. निरोगी गाडीत ती बराच वेळ गार राहते आणि मग एकाएकी तापते. ती आरंभापासूनच संथपणे कोमट होत गेली, तर झडप उघडी अडकलेली आहे, किंवा थर्मोस्टॅट मुळी तेथे नाहीच! काही गाड्यांत थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या वाटेवर असतो. तेथे हीच परीक्षा खालच्या नळीवर करावी. पंखा अखंड फिरतो आहे काय, हेही पाहावे.

शेवटची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल. थर्मोस्टॅट काढून, दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात असा टांगावा की तो तळाला टेकणार नाही. शेजारी तापमापक धरून पाणी तापवावे. गार असतानाच झडपेत फट दिसली, किंवा त्यावर कोरलेल्या अंकाच्या पुष्कळ आधीच ती उघडली, तर दोष सिद्ध झाला.

‘मुळी तेथे नाहीच’ असे वर म्हटले, ते उगीच नव्हे. उष्ण प्रदेशांत, इंजिन तापू नये म्हणून, थर्मोस्टॅट काढून फेकण्याची प्रथा जुनी आहे. ज्येष्ठातल्या उन्हात हा उपाय शहाणपणाचा वाटतो. पौषात त्याची किंमत मोजावी लागते. उलट, ज्या इंजिनांत हीच झडप आडवाट बंद करते, तेथे ती काढल्याने काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच परत येते आणि उन्हाळ्यात गाडी अधिकच तापते. इंजिन तापत असेल, तर गळकी नळी, तुंबलेला रेडिएटर किंवा निकामी पंखा शोधावा. पहारेकऱ्याला हाकलून चोर सापडत नाही.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून अंग भाजते. थंडीत रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा किंवा पोते लावणारे ट्रकचालक इंजिनाची गरज अनुभवाने ओळखतात. त्या अनुभवामागील कारण जाणले, म्हणजे मऊरानीपुरच्या वाटेवर रेंगाळणारा तो काटा काय सांगतो, ते आपल्यालाही वाचता येईल.