ऑक्टोबरचा गुणतक्ता, जूनचा चषक

आइस हॉकीच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये अमेरिका-कॅनडाचे मिळून ३२ संघ आहेत. २०२४-२५ च्या हंगामात, म्हणजे या लेखात मी ज्याबद्दल मुख्यतः बोलणार आहे त्या हंगामात, प्रत्येकाला साखळीचे ८२ सामने होते. ऑक्टोबरात सुरू झालेला हा खेळ जूनमध्ये स्टॅन्ली चषकापाशी संपतो. मग पहिले दहा-पंधरा सामने पाहून एखाद्या संघाबद्दल काही बोलावं का? जरूर बोलावं. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की सुरुवातीचे सामने एप्रिलबद्दल बरंच खरं सांगतात आणि जूनबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

एप्रिलमध्ये १६ संघ बाद फेरीत जातात. विजयाला २ गुण मिळतात, पण जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरणाऱ्यालाही १ गुण मिळतो. त्यामुळे तुमच्या पुढे असलेला संघ हरतानाही थोडा थोडा पुढे सरकत राहतो आणि मागे पडलेल्याला अंतर कापणं फार जड जातं. नोव्हेंबरच्या अखेरीस, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, जे संघ पात्रतेच्या जागांवर असतात, त्यांतले साधारण तीन चतुर्थांश शेवटपर्यंत तिथेच राहतात. तोवर जेमतेम वीस-बावीस सामने झालेले असतात! ऑक्टोबरात गमावलेले गुण म्हणूनच महागात पडतात. नॅशव्हिलनं २०२४ च्या उन्हाळ्यात स्टीव्हन स्टॅमकोस आणि जोनाथन मार्शेसो यांच्यासारखे नावाजलेले खेळाडू घेतले आणि पहिले पाचही सामने गमावले. एवढे गुणी खेळाडू आहेत, सावरतील, असं सगळे म्हणत होते. संघ सावरला नाही आणि बाद फेरीतही पोचला नाही.

मी विनिपेगमध्ये राहते आणि जेट्सची पाठीराखी आहे. या गावानं १९९६ मध्ये आपला संघ गमावला. तो फीनिक्सला गेला, आणि २०११ मध्ये अटलांटाचा संघ इथे येईपर्यंत पंधरा वर्षं गावाला एनएचएलची हॉकी नव्हती. ज्यांनी ती वर्षं काढली, ते लोक आजही प्रत्येक विजय उधारीवर मिळाल्यासारखा जपतात. २०२४ च्या ऑक्टोबरात स्कॉट आर्नियल नवे मुख्य प्रशिक्षक म्हणून उभे राहिले. पहिलाच सामना एडमंटनमध्ये, आदल्या वर्षीच्या उपविजेत्यांशी, आणि निकाल ६-०. तो विजय धरून सलग आठ विजय, टोरांटोकडून एक पराभव, आणि पुन्हा विजयांची रांग. पहिल्या पंधरापैकी चौदा सामने जिंकणारा लीगच्या इतिहासातला हा पहिला संघ. नोव्हेंबरातच ऑफिसात चषकाच्या मिरवणुकीचा रस्ता ठरू लागला.

मी अशा वेळी वही काढते. गुणतक्ता त्यात नसतो, तो वर्तमानपत्रात असतोच.

पहिली नोंद गोलरक्षकाची. एका सामन्यात गोलवर साधारण तीसेक फटके येतात आणि सरासरी गोलरक्षक त्यांतले नव्वद टक्के अडवतो, म्हणजे तीन गोल होतात. त्र्याण्णव टक्के अडवणारा गोलरक्षक सामन्यामागे जवळजवळ एक गोल वाचवतो. ज्या खेळात कितीतरी निकाल एका गोलानं लागतात, तिथे हा फरक प्रचंड आहे. पण दहा सामन्यांपुरता कोणताही गोलरक्षक असा खेळू शकतो, म्हणून त्याचा पूर्वेतिहास बघायचा. आमचा कॉनर हेलेबक आदल्याच मोसमातला सर्वोत्तम गोलरक्षक होता. त्याच्यावर मी निःशंक भरवसा ठेवला.

दुसरी नोंद पॉवर प्लेची. समोरच्या खेळाडूला नियमभंगासाठी दोन मिनिटं बाहेर बसवलं की पाच विरुद्ध चार असा खेळ होतो. साधारणपणे पाच संधींत एक गोल मिळतो. जेट्स तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. इतकं कुणालाच टिकवता येत नाही, त्यामुळे विजयांचा वेग मंदावणार हे उघड होतं. हंगामअखेर तो आकडा २९ च्या जवळ आला, आणि तरीही लीगमध्ये सर्वांत वरचा होता.

तिसरी नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते: पाच विरुद्ध पाच खेळताना फटके कोण जास्त मारतं? फटके गोलात जाणं-न जाणं काही आठवडे नशिबावर असू शकतं, पण पक, म्हणजे खेळाची चकती, सतत समोरच्यांच्या टापूत ठेवणं ही सवय असते आणि सवयी टिकतात. २०२३ मधलं एडमंटन याचं उत्तम उदाहरण. बारा सामन्यांत दोनच विजय, अवघे पाच गुण, प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्ट यांची हकालपट्टी. गुणतक्ता पाहणाऱ्यांनी संघ मोडीत काढला होता. पण त्या पराभवांतही ते प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त फटके मारत होते; बिघडली होती ती गोलरक्षणाची बाजू. नवे प्रशिक्षक क्रिस नोब्लॉक आले, गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर स्थिरावला आणि पुढे संघानं सलग सोळा सामने जिंकले. अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध ०-३ वरून ३-३ अशी बरोबरी करून ते सातव्या सामन्यात २-१ नं हरले.

चषकाचं मात्र सुरुवातीवरून काही सांगता येत नाही. मुंबई इंडियन्सनं २०१५ च्या आयपीएलमध्ये पहिले चार सामने गमावून करंडक जिंकला, हे आपल्याला आठवत असेल. हॉकीतही तसंच घडतं. सेंट लुईसचा संघ ३ जानेवारी २०१९ ला अख्ख्या लीगमध्ये तळाला होता, निम्मा हंगाम होत आला होता. चारच दिवसांनी जॉर्डन बिनिंग्टन हा नवखा गोलरक्षक पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरला आणि एकही गोल न देता जिंकला. जूनमध्ये त्या क्लबनं इतिहासातला पहिला चषक उचलला. उलट बोस्टननं २०२२-२३ मध्ये ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला आणि पहिल्याच फेरीत ३-१ अशी आघाडी असताना फ्लोरिडाकडून घरचा रस्ता धरला.

याचं कारण खेळाच्या रचनेत आहे. बाद फेरीत एकाच संघाशी सात सामन्यांपर्यंत झुंज असते, तुमचे डावपेच तिसऱ्या दिवशी जुने होतात. शूटआउट नाही, गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचा जादा खेळ चालतो. आणि गोलरक्षकाचा एखादा वाईट आठवडा अख्खं वर्ष पुसून टाकतो. जेट्सचं तेच झालं. ११६ गुणांसह साखळीत ते पहिले आले, हेलेबक गोलरक्षक असूनही लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण पहिल्या फेरीत सेंट लुईसशी गाठ पडली आणि त्यांच्या मैदानावर झालेल्या तिन्ही सामन्यांत त्याला मध्येच बाहेर काढावं लागलं. सातवा सामना आम्ही, शेवटचे दोन सेकंदही उरले नसताना बरोबरी साधून, दुसऱ्या जादा सत्रात जिंकला. त्या रात्री गाव झोपलं नाही. पुढच्या फेरीत डॅलसनं सहा सामन्यांत आमचा हंगाम संपवला.

माझा निवाडा तरीही ऑक्टोबरातला तोच आहे: तो संघ खरोखर उत्तम होता आणि त्याचं पहिलं स्थान कष्टाचं होतं. कॅनडात मुलांकडे येणाऱ्या मराठी आईवडिलांना माझं सांगणं आहे, एकदा उन्हाळ्याऐवजी ऑक्टोबरात या. सुरुवातीचे सामने पाहा, आणि पकच्या मागे डोळे पळवण्यापेक्षा गोलरक्षकाकडे लक्ष ठेवा. फटका येण्याआधी तो जागेवर पोचलाय का, अडवलेला पक धरून ठेवतो की पुन्हा समोरच्यांच्या पुढ्यात टाकतो, एवढंच बघा. चार-पाच सामन्यांत संघाची परीक्षा तुम्हाला स्वतःला करता येईल.