एकच कार्ड, चाळीस नावे



आपल्या गावाचे नाव मलकापूर. बुलढाणा जिल्ह्यात एक मलकापूर आहे, कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यात आणखी एक आहे. म्हणजे नाव एक आणि गावे तीन. शेजारच्या कराडचे उलट आहे. जुन्या लेखांत त्याला करहाटक म्हटले आहे; तेथे गाव एक आणि नावे दोन. एका वस्तूला अनेक नावे असली म्हणजे संगणकात काय घोटाळा होतो, तेवढेच आज सांगावयाचे आहे. त्यापायी चाळीस कामगारांचा पगार चुकलेला मी पाहिला आहे.

एका कारखान्यात जादा तासांचा हिशेब संगणकावर नेला. पहिल्याच महिन्यात चाळीसही जणांच्या नावापुढे सहा तास आले. एकतीस तास राबलेला गडी माझ्याकडे रडत आला. दोनच तास भरलेला अर्थात गप्प बसला. जादा तासाला दर दुप्पट, तेव्हा नुकसान थोडे नव्हते. हिशेबनीसाने पैसे खाल्ले असे समजून मी तावातावाने गेलो. पण खाल्ले कोणीच नव्हते. यादीतल्या शेवटच्या कामगाराचे तास सहा होते, आणि तेच सर्वांना चिकटले होते.

असे का झाले? हिशेब पायथन नावाच्या भाषेत लिहिला होता. ही भाषा गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तिच्यात यादी, म्हणजे लिस्ट, ही कार्डांची पेटी नव्हे. ती चिठ्ठ्यांची माळ आहे. प्रत्येक चिठ्ठीवर 'अमुक जागचे कार्ड पाहा' एवढेच असते. या चिठ्ठीला रेफरन्स म्हणतात.

लिहिणाऱ्या पोराने तासांचे कार्ड सुरुवातीला एकदाच तयार केले. मग एकेका कामगाराची पाळी आली, की त्याच कार्डावरचा जुना आकडा पुसून नवा घालायचा आणि कार्ड यादीत टाकायचे, असा क्रम लावला. त्याची समजूत अशी, की टाकताना नक्कल होते. नक्कल होत नाही. फक्त चिठ्ठी जाते. चाळीस चिठ्ठ्या झाल्या, कार्ड एकच राहिले, आणि त्यावर शेवटचा आकडा उरला.

उपाय एका ओळीचा निघाला. कार्ड तयार करण्याचा हुकूम फेऱ्याच्या बाहेर होता, तो आत घेतला. प्रत्येक पाळीला कोरे कार्ड मिळाले. पुढच्या पगारात फरक चुकता झाला.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. कार्डाऐवजी नुसता आकडा यादीत ठेवला असता, तर ही आपत्ती आली नसती. पायथनमध्ये आकडा जागच्या जागी बदलत नाही. नवे मूल्य दिले, की नाव नव्या आकड्याकडे वळते. दुसरी गोष्ट अशी, की सगळ्या यादीची साधी नक्कल काढली तरी चिठ्ठ्यांचीच नक्कल होते, कार्डे तीच राहतात. कार्डांसकट नक्कल हवी असेल, तर 'डीपकॉपी' असा वेगळा हुकूम द्यावा लागतो.

मात्र सामाईक कार्ड म्हणजे पापच, असे समजू नका. एकच कामगार हजेरीच्या यादीत असतो आणि भविष्यनिर्वाह निधीच्याही यादीत असतो. दोन्हीकडून चिठ्ठी एकाच कार्डाकडे गेली, तर त्याचा पत्ता एकदा दुरुस्त केला, की दोन्हीकडे दुरुस्त दिसतो. नकला ठेवल्या, तर एक दुरुस्त होते आणि दुसरी कुजत राहते. काय सामाईक असावे आणि काय ज्याचे त्याचे, हे आधी ठरवले पाहिजे. पत्ता माणसाचा एक, म्हणून तो सामाईक चालेल. घाम ज्याचा त्याचा.

मी त्या हिशेबनीसाची माफी मागितली. तेव्हापासून पगाराचा कागद हाती आला, की आधी दोन वेगळ्या कामगारांचे आकडे हजेरीशी ताडून पाहतो. यादीत नाव आहे एवढ्याने भागत नाही. त्या नावामागे त्याचे स्वतःचे कार्ड आहे की नाही, हे पाहावे लागते.