मामा, मारुत आणि मिठाईचा डबा

विकत आणलं, चिकटवलं, शोकेसमध्ये ठेवलं... मॉडेल किट म्हणजे एवढंच, असं मला वाटत होतं. पण २२ सेंटिमीटरच्या एका विमानाने माझे चार महिन्यांचे वीकएंड खाल्ले!

शाळेची सहल आठवतेय? वरळीचं नेहरू सायन्स सेंटर, आवारात ठेवलेलं विमान आणि त्याच्यासमोर दात काढून दिलेली ग्रुप फोटोची पोझ. माझ्याकडेही तो फोटो आहे. पण मागचं विमान कुठलं, हे बघायची तसदी मी कधी घेतली नव्हती. ते होतं एचएफ-२४ मारुत, भारतात विकसित झालेलं पहिलं जेट फायटर. आणि माझे थोरले मामा एअरफोर्समध्ये असताना जोधपूरला याच विमानाच्या मेन्टेनन्सवर होते, हे मला कळलं वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी! घरात सगळे सरसकट 'मामा मिगवर होते' असंच सांगायचे. चूक सुधारणं मामांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

त्यांची पंचाहत्तरी जवळ आली होती. ठरवलं, शाल-श्रीफळ राहू दे, मारुतचं मॉडेल करून द्यायचं. एकदम सरप्राइज!

किट की कोडं?

मिगची मॉडेल्स मागाल तेवढी मिळतात. मारुतचं नाव काढलं की दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो. शेवटी एका हौशी कलेक्टरकडून जुनं 'वॅक्यूम फॉर्म' किट मिळालं. स्केल १:७२, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट इथे एक इंच.

डबा उघडला आणि माझा चेहरा पडला. साध्या किटमध्ये पार्ट सुटे करायचे आणि चिकटवायचे, संपलं. इथे नुसता पांढऱ्या प्लॅस्टिकचा पातळ पत्रा आणि त्यावर उठवलेले विमानाचे दोन अर्धे भाग. चॉकलेटच्या बॉक्समधल्या ट्रेसारखे! भाग एकमेकांत अडकायला खाचा नाहीत, पिना नाहीत. प्रत्येक भागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारायची, कटरने हलकी चीर द्यायची, भाग मोडून काढायचा. मग ओल्या वॉटर पेपरवर घासत बसायचं, पत्र्याची फालतू जाडी निघून जाईपर्यंत. कमी घासलं तर विमान जाडं, जास्त घासलं तर रोडावलेलं. एका रविवारी तीन तास घासून हातात काय आलं? एक पंख!

त्यात मारुतची कमर मध्येच आत गेलेली, कोकच्या बाटलीसारखी. ध्वनीच्या वेगाजवळ जाताना हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून केलेली ती रचना. घासता घासता ती बिघडली, तर सगळं मुसळ केरात.

बॉडी फर्स्ट क्लास, पण...

घासताना कंटाळा येऊ नये म्हणून वाचायला लागले आणि गुंतत गेले. मारुतचा डिझायनर होता कुर्ट टांक, दुसऱ्या महायुद्धातलं फॉके-वुल्फ १९० बनवणारा जर्मन इंजिनिअर. १९५६ मध्ये तो भारतात आला. बंगळूरच्या एचएएलमध्ये त्याने आणि आपल्या इंजिनिअर्सनी आधी चक्क फुल साइझ लाकडी ग्लायडर बनवून उडवून पाहिलं. १७ जून १९६१ ला सुरंजन दास यांनी पहिलं जेट आकाशात नेलं.

बॉडी ध्वनीपेक्षा वेगात जाण्यासाठी आखलेली होती. पण त्यासाठी हवं असलेलं जादा ताकदीचं ऑर्फियस इंजिन, खर्च कोणी करायचा यावर अडलं आणि आलंच नाही. कमी ताकदीच्या दोन ऑर्फियस ७०३ इंजिनांवर मारुतला भागवावं लागलं. ताकद वाढवण्याचे प्रयोग झाले. अशाच एका सुधारित मारुतच्या अपघातात १० जानेवारी १९७० ला दास यांचा मृत्यू झाला. तरीही डिसेंबर १९७१ च्या युद्धात हे विमान राजस्थान सीमेवर लढलं, एक इंजिन निकामी झालेलं असताना तळावर परतलंसुद्धा. १९९० च्या सुमारास ते निवृत्त झालं.

एक कॅनॉपी, एकच चान्स

सांगाडा उभा राहिला. चाकं आणि त्यांचे पाय दुसऱ्या किटमधून ढापले. आता राहिली कॅनॉपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक आवरण. किटमध्ये ती एकच होती. कटर जरा जोरात दाबला गेला... कट्! मधोमध तडा.

दोन दिवस डब्याकडे पाहिलंही नाही. मग सरप्राइज गुंडाळलं, विमान बुटांच्या खोक्यात ठेवलं आणि नाशिकची गाडी पकडली.

मामांनी खोकं उघडलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग चष्मा लावून म्हणाले, "अगं, हे तर मारुत!"

"कॅनॉपी मोडली, मामा. आणि हे फसलेलं विमान कुणी परत बनवणारही नाही..."

"विमान नाही फसलं," ते शांतपणे म्हणाले. "त्याला इंजिन मिळालं नाही. दोन्हीत फरक आहे."

दुपारभर त्यांनी लाकडाचा तुकडा कानशीने घासून कॅनॉपीचा साचा केला. मामींनी मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण दिलं. ते चिमट्यात धरून गरम करायचं, मऊ पडलं की साच्यावर झटकन ओढायचं. पहिलं जळलं, दुसऱ्यावर सुरकुती आली, तिसरं फाटलं. सातवं जमलं! हात मामांचे थरथरत होते, म्हणून ओढायचं काम माझ्याकडे. "आता!" हा हुकूम त्यांचा.

रंग त्यांनीच ठरवला, चंदेरी. चंदेरी रंगात प्रत्येक ओरखडा उठून दिसतो, म्हणून पुन्हा दोन वीकएंड घासकाम. वाईट नाही वाटलं.

बसा, सांगतो

पंचाहत्तरीला मॉडेल हॉलमधल्या टेबलावर होतं. मामांनी ते उलटं करून तपासलं. "पुढच्या चाकाचा दरवाजा चुकलाय," एवढंच म्हणाले. माझ्यासाठी ते सर्टिफिकेट होतं!

इतक्यात शेजारचे काका आले. "वा! मिग का हो हे?"

मी मामांकडे पाहिलं. या वेळी त्यांनी मान डोलावली नाही. बाजूची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा, सांगतो."

ट्राय करायचंय?

• पहिलंच किट वॅक्यूम फॉर्म घेऊ नका. साध्या १:७२ किटपासून सुरुवात करा.
• कटरचं पातं नवं हवं. एकदाच जोर लावण्यापेक्षा चार वेळा हलका हात फिरवा.
• वॉटर पेपर ओला करूनच वापरा. प्लॅस्टिकची धूळ नाकात जात नाही.
• बॉडी बंद करण्याआधी नाकात वजन भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. (माझं बसलं होतं!)
• गोंद, रंग आणि तापवण्याचं काम खिडकी उघडी ठेवूनच. गोंद आणि रंग विस्तवापासून लांब ठेवा.