थंड हवेचे ठिकाण आणि पगारदाराचा खिसा

मे महिन्याच्या मध्यास पनवेलच्या हवेत एक प्रकारचा चिकट जडपणा भरून राहतो. विदर्भाप्रमाणे येथील पारा पंचेचाळिशीकडे धावत नाही, हे खरे. परंतु खाडीवरून येणारी दमट हवा अंगावरचा घाम वाळू देत नाही आणि सिमेंटच्या इमारतींत दिवसभर साठलेली उष्णता मध्यरात्र उलटली तरी ओसरत नाही. अशा वेळी गच्चीवर उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर प्रबळगडाच्या पाठीमागे माथेरानचे पठार दिसते. तेथे त्याच क्षणी हवा चार-पाच अंशांनी सुखद असते. आणि तरीही त्या पठाराकडे नुसते पाहत संपूर्ण सुट्टी घरात काढणारी शिक्षकांची, कारकुनांची, छोट्या दुकानदारांची कुटुंबे पनवेलमध्ये थोडीथोडकी नाहीत. थंड हवा आणि ही कुटुंबे यांच्यामध्ये अंतर आहे ते मैलांचे नव्हे. ते पैशांचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार सुट्टी लागण्यापूर्वीच झाला पाहिजे.

थंड हवेची ठिकाणे सामान्यांसाठी वसविली गेली नाहीत, हे प्रथम मान्य करावयास हवे. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे मे १८५० मध्ये चौक गावाकडून माथेरानचा डोंगर चढून गेले. त्या काळी पनवेलही ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. त्यानंतर तेथे जे बंगले उठले, ते गोऱ्या अंमलदारांचे आणि मुंबईच्या धनिक शेठजींचे होते. त्याआधी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसले, तेही मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने आणि साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या सहकार्याने. पीरभॉय कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून नेरळ-माथेरान ही चिमुकली रेल्वे बांधली आणि ती १९०७ मध्ये सुरू झाली, तेव्हा कोठे त्या डोंगराची वाट साधारण माणसाच्या आवाक्यात येऊ लागली.

मराठी मध्यमवर्गाला या ठिकाणांची फारशी उणीव भासली नाही, याचे कारण निराळे होते. त्याच्यापाशी गाव होते. परीक्षा संपली की मुलांना आजोळी धाडावयाचे, कोकणातल्या घराच्या पडवीत, आंब्याफणसाच्या सावलीत महिना काढावयाचा, हीच त्याची हवापालट होती. आज पनवेलमध्ये अशी असंख्य कुटुंबे आहेत की ज्यांच्या गावच्या घराला कुलूप आहे, किंवा ते भावाबहिणींत वाटले गेले आहे, किंवा जेथे पाहुणचार करणारे हातच उरलेले नाहीत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेलची महानगरपालिका झाली. शहर वाढले, सदनिका वाढल्या. मात्र त्या सदनिकांत राहणाऱ्यांचे आजोळ हरवत गेले. थंड हवेच्या ठिकाणाचा प्रश्न आज या वर्गापुढे चैनीचा म्हणून नव्हे, तर हरवलेल्या सुट्टीचा पर्याय म्हणून उभा आहे.

हा प्रश्न केवळ मनोरंजनाचाही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल तालुक्यातीलच खारघर येथे भर उन्हात झालेल्या सार्वजनिक समारंभानंतर उष्माघाताने चौदा माणसे दगावली. त्या दिवशी पारा चाळीस अंशांच्या खालीच होता. दमट हवेत घामाचे बाष्पीभवन होत नाही आणि शरीर थंड होण्याचा निसर्गदत्त मार्गच खुंटतो. त्यामुळे कोकणपट्टीतील अडतीस अंश हे कोरड्या प्रदेशातील अडतीस अंशांहून अधिक घातक ठरतात. घरातील वृद्धांना आणि लहान मुलांना वर्षातून चार-सहा रात्री शांत झोप देणारी हवा मिळावी, ही अपेक्षा म्हणूनच अवास्तव म्हणता येणार नाही.

किती उंची, किती गारवा?

बेत आखताना पहिली चूक होते ती ठिकाणाच्या नावाला भुलण्याची. थंडावा नावात नसतो, तो मुख्यतः उंचीत असतो. ढोबळ मानाने समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर चढल्यास तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. माथेरान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. तेव्हा पनवेलच्या मानाने तेथे पाच अंशांचा फरक पडावा. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरांवर आहे. तेथे हा फरक नऊ अंशांच्या आसपास जातो. पाचगणी याच्या किंचित खाली. पन्हाळा हजार मीटरांच्या जवळ. विदर्भातील चिखलदरा आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही दोन्ही हजार मीटरांहून उंच. सिंधुदुर्गातील आंबोली सुमारे ६९० मीटर, तर नगर जिल्ह्यातील भंडारदरा साडेसातशेच्या आसपास. अर्थात झाडी, वारा आणि हवेतील कोरडेपणा यांनी या गणितात कमीअधिक होतेच. पण पनवेलच्या उकाड्यातून सुटका हवी असेल तर सिमला किंवा मनालीच गाठली पाहिजे असे नाही, हे या आकड्यांवरून उघड व्हावे. हिमालयाची यात्रा आयुष्यात जरूर करावी. परंतु आठ दिवसांच्या सुट्टीतले तीन-चार दिवस आगगाडीत जाणार असतील, तर तिला विश्रांती म्हणता येत नाही.

दुसरी चूक तारखेची. सुट्टी महाग होते ती अंतरामुळे कमी आणि तारखेमुळे अधिक. राज्यातील शाळांना साधारणतः मेच्या आरंभी सुट्टी लागते आणि मध्य जूनला शाळा पुन्हा भरतात. या सहा आठवड्यांत, त्यातही शनिवार-रविवारी, सारा महाराष्ट्र त्याच पाच-सहा डोंगरांवर चढतो. एकाच खोलीसाठी चार कुटुंबे उभी राहिली की भाडे वाढणारच. त्यासाठी मालकाला दोष देऊन उपयोग नाही. रविवारी दुपारी, सारे उतरत असताना, चढावे आणि गुरुवारी वा शुक्रवारी सकाळी परतावे, एवढ्या एका नियमाने मुक्कामाचा खर्च पुष्कळ आटोक्यात येतो. शिक्षकांना हे सहज शक्य आहे. कारकुनाला चार दिवसांची रजा आधी मांडून ठेवावी लागेल, एवढेच. जूनचा पहिला आठवडा त्याहूनही स्वस्त पडण्याचा संभव असतो. मात्र मुंबई परिसरात पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून असली, तरी २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन ठेपला होता, हे विसरता कामा नये.

प्रवासाचा हिशेब

प्रवासाच्या बाबतीत पगारदाराच्या बाजूने काही गोष्टी घडल्या आहेत. त्यांचा लाभ मात्र जाणतेपणाने घ्यावा लागतो. एसटीच्या प्रवासात १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत लागू झाली. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांसाठी विनामूल्य प्रवास सुरू झाला. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे. म्हणजे नवरा-बायको, आठ आणि अकरा वर्षांची दोन मुले आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आजी असे पाच जणांचे कुटुंब अडीच तिकिटांत महाबळेश्वरला पोचू शकते. हेच कुटुंब खाजगी मोटार ठरवून निघाले, तर येण्याजाण्याच्या भाड्यातच मुक्कामाच्या एक-दोन रात्री खर्ची पडतात.

रेल्वेचे नियम याहून कडक झाले आहेत. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र शायिका हवी असेल, तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. आगाऊ आरक्षणाची मुदतही १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. तेव्हा मेच्या मध्यास आंबोलीला जाण्यासाठी सावंतवाडीची गाडी पकडावयाची असेल, तर मार्चच्या मध्यासच तिकिटासाठी सज्ज असले पाहिजे. सरकारी नोकरांनी रजा प्रवास सवलतीचा विचारही याच वेळी करावा. राज्याच्या सेवेत स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शन अशी तिची दोन रूपे आहेत. कार्यालयास आगाऊ कळविले नाही, म्हणून ही सवलत कित्येकांच्या हातून दरवर्षी निसटते.

माथेरानचे गणित थोडे वेगळे आहे. तेथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापासून पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या लहान गाडीने जावे लागते. माणसाने माणसाला ओढून नेण्याची हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आणि तिच्या जागी ई-रिक्षा आणण्यास सांगितले. ओढणाऱ्याच्या दृष्टीने तर हा निर्णय मोलाचा आहेच; पण वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबालाही त्यात दिलासा आहे. डोंगरावर सारा माल गाडीने, घोड्याने वा डोक्यावरून चढतो. म्हणून तेथील प्रत्येक वस्तू महाग. मात्र एकदा वर गेल्यावर झाडांच्या सावलीतून पायी हिंडण्यास दमडी लागत नाही आणि मुलांना मोटारीच्या भीतीवाचून मोकळे सोडता येते. ही चैन पनवेलच्या कोणत्याही रस्त्यावर मिळत नाही. तरुण विद्यार्थ्यांनी तर पनवेल तालुक्यातीलच धोदाणी गावातून सनसेट पॉइंटकडे चढणारी पायवाट धरावी. अट एकच : उन्हे तापण्याआधी, भल्या पहाटे, पुरेसे पाणी घेऊन निघावे.

काटकसर कोठे करू नये

काटकसरीचा एक प्रकार मात्र टाळण्याजोगा आहे. पैसे वाचविण्यासाठी स्टोव्ह, डाळ-तांदूळ आणि भांडी बरोबर घेऊन जाण्याची प्रथा अनेक घरांत अजूनही आहे. खर्च वाचतो, यात शंका नाही. पण तो कोणाच्या श्रमातून वाचतो? अकरा महिने जी गृहिणी दोन्ही वेळा चुलीपुढे उभी असते, तिला डोंगरावर नेऊन पुन्हा चुलीपुढेच उभे करावयाचे असेल, तर सुट्टी बाकीच्यांची झाली, तिची नव्हे. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर हा अन्याय दुहेरी ठरतो. वाटेसाठी दशम्या आणि चिवडा जरूर न्यावा. पण मुक्कामी घरगुती खानावळीचे साधे जेवण घ्यावे आणि त्यासाठी लागणारा पैसा घोडे, नौका, खेळण्यांची दुकाने आणि दिवसाला दहा ठिकाणे दाखविणारी टॅक्सी यांतून वाचवावा. ठिकाण एकच निवडावे आणि तेथे चार रात्री राहावे. धावती सहल खिशालाही महाग पडते आणि शरीरालाही.

पैशांची तरतूदही सुट्टीच्या तोंडावर करावयाची गोष्ट नव्हे. जूनपासून दरमहा दीड हजार रुपये पतपेढीत वा बँकेत आवर्ती ठेवीत टाकले, तर पुढील मेपर्यंत अठरा हजार जमतात, व्याज वेगळे. कर्ज काढून किंवा कार्डावर उधार करून केलेल्या सहलीचा गारवा पहिल्या हप्त्यालाच संपतो.

परंतु कुटुंबाने कितीही शहाणपणाने बेत आखला, तरी स्वस्त निवासाची सोयच नसेल, तर तो अपुरा ठरतो. येथे इतरांचा अनुभव उपयोगी पडावा. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली, तेव्हा तेथील सरकार रजा देऊन थांबले नाही. तिच्या जोडीला सवलतीचे रेल्वे तिकीटही दिले. कारण पैशावाचून मिळालेली रजा ही घरात कोंडून घेण्याची रजा असते. जर्मनीत रिचर्ड शिरमन नावाच्या एका शाळामास्तराला १९०९ मध्ये सुचले की, सुट्टीत ओस पडलेल्या शाळांच्या वर्गांत हिंडणाऱ्या मुलांची झोपण्याची सोय करता येईल. जगभर पसरलेल्या युवा वसतिगृहांच्या चळवळीचा उगम त्या कल्पनेत आहे. भारतातही १९४९ पासून तिची संघटना आहे.

हे महाराष्ट्राला अशक्य आहे काय? डोंगरावरील गावांतल्या शाळा मे महिन्यात रिकाम्या असतात. शिक्षकांच्या पतपेढ्या आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना येथे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बँकांच्या आणि विमा महामंडळाच्या नोकरांसाठी विश्रामगृहे असू शकतात, तर प्राथमिक शिक्षकांसाठी, नगरपालिकांच्या कारकुनांसाठी ती का नसावीत? दहा पतपेढ्यांनी एकत्र येऊन एका डोंगरावर वीस खोल्या वर्षभरासाठी भाड्याने घेतल्या आणि सभासदांना पाळीपाळीने दिल्या, तर कोणावरही फार मोठा भार पडणार नाही. मे महिन्यापुरता शाळेचा वर्ग, स्वच्छ शौचालय आणि स्थानिक महिला बचत गटाची खानावळ एवढे जुळवून आणले, तर त्या गावालाही चार पैसे मिळतील. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने आलिशान निवासांबरोबर अशा साध्या निवासांचाही विचार करावयास हरकत नसावी.

पूर्वी मराठी कुटुंबाला उन्हाळ्यात आजोळ होते आणि त्यासाठी अर्ज, आरक्षण, आगाऊ भरणा यांपैकी काहीच लागत नसे. ते आजोळ परत आणणे कोणाच्या हाती नाही. त्याच्या जागी काय उभे करावयाचे, हे मात्र हाती आहे; आणि त्याची सुरुवात मे उजाडल्यावर नव्हे, तर शाळा जूनमध्ये भरते त्याच आठवड्यात, पतपेढीतील पहिल्या दीड हजारांनी होते.