फ्यूज उडतो तो नेमका केव्हा?

गाडीच्या डिकीतला ॲम्प्लिफायर फ्यूज उडवायला लागला की बहुतेक जण आधी फ्यूजचं अख्खं पाकीट आणून ठेवतात. ते संपलं की तीसच्या जागी चाळीसचा फ्यूज बसतो, मग पन्नासचा, आणि शेवटी पात्यांवर तांब्याची तार गुंडाळली जाते. घरच्या किटकॅटमध्ये जाड तार बांधायची आपली जुनी खोड, ती इथेही सुटत नाही. गाडीत ती जास्त महागात पडते. बारा व्होल्टचा झटका माणसाला जाणवतही नाही, हे खरं. पण बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की थेट शॉर्ट झाल्यास ती शेकडो अँपियर सहज ओतते. तेवढ्या प्रवाहाने वायरीचं आवरण आधी वितळतं, मग पेटतं. आणि ही वायर बोनेटपासून डिकीपर्यंत गालिच्याखालून गेलेली असते.

बॅटरीजवळचा फ्यूज असतो तो या वायरीसाठी. म्हणूनच तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून साधारण दीड फुटाच्या आत हवा. डिकीत लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते. ॲम्प्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज वेगळे. आत काही बिघडलं तर नुकसान तिथेच थांबावं, एवढंच त्यांचं काम.

तीस अँपियरचा फ्यूज तीस अँपियर झाले की लगेच उडतो, असं नाही. आतल्या जस्ताच्या पट्टीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि पट्टी वितळायला वेळ लागतो. नेहमीचा पात्यांचा फ्यूज दहा टक्के जादा प्रवाह तासन् तास सोसतो. पस्तीस टक्के जादा झाला तर सेकंदभरात किंवा दहा मिनिटांतही जाऊ शकतो. दुपटीला पाच सेकंदांच्या आत जातो, सहापटीला एक दशांश सेकंदही टिकत नाही. त्यामुळे उडालेला फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरून बघावा. पट्टी मध्येच शांतपणे तुटली असेल आणि फ्यूजची पारदर्शक खिडकी स्वच्छ असेल, तर भार थोडा जास्त होता. खिडकीवर काळा किंवा चंदेरी फवारा उडाला असेल, तर सरळ शॉर्ट. पात्यांजवळचं प्लॅस्टिक वितळून वाकडं झालं असेल, तर ॲम्प्लिफायर बहुधा निर्दोष आहे. होल्डरची पकड सैल आहे आणि तिथल्याच उष्णतेने फ्यूज जातो आहे.

पुढचा प्रश्न वेळेचा. ॲम्प्लिफायरला बॅटरीची वायर आणि अर्थ यांखेरीज एक बारीक रिमोट वायर असते. गाडीतला म्युझिक सेट सुरू झाला की तिच्यातून बारा व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर जागा होतो. ही वायर काढून ठेवली तरी फ्यूज बसवताक्षणी उडत असेल, तर दोष बॅटरीच्या वाटेवरच आहे. ॲम्प्लिफायर सोडवूनही बॅटरीजवळचा उडतो? मग वायर कुठेतरी पत्र्याला घासून सोलली आहे. इंजिनाकडून आत येतानाचं भोक आधी तपासावं. वायर ठीक असेल, तर संशय ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी असलेल्या संरक्षक डायोडवर. बॅटरी उलटी जोडली गेली की हा डायोड प्रवाह स्वतःवर घेतो आणि फ्यूज उडवून आतलं सगळं वाचवतो. पण फ्यूज मापापेक्षा मोठा असेल, तर फ्यूजच्या आधी डायोडच जळून शॉर्ट होतो. पुढे वायरी सुलट जोडल्या तरी फ्यूज टिकत नाही.

सेट सुरू केल्यावरच उडत असेल, तर मामला आतल्या पॉवर सप्लायचा. चौदा व्होल्टांवर एका बाजूने जेमतेम सात व्होल्टांचं शिखर मिळतं, म्हणजे चार ओहमच्या स्पीकरला सहा वॅट. एवढ्यात वूफर काय हलणार! म्हणून मॉसफेट या ट्रान्झिस्टरच्या जोड्या बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात आणि गोल ट्रान्सफॉर्मर त्यातून उणे-अधिक तीस व्होल्टांच्या आसपासचा पुरवठा तयार करतो. यातला एक मॉसफेट शॉर्ट झाला, किंवा पलीकडचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले, की प्रवाह बेफाम वाढतो. कधी घटक चांगले असतात, पण ट्रान्झिस्टर आणि ॲल्युमिनियमची बॉडी यांच्यामधला अभ्रकाचा पापुद्रा फाटलेला असतो.

आवाज वाढवल्यावरच फ्यूज जात असेल, तर ॲम्प्लिफायर उघडूच नये. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की दोन ओहम होतात आणि प्रवाह दुप्पट मागतात. स्पीकरच्या टर्मिनलवर एखादी सुटी तार शेजारच्या स्क्रूला टेकलेली असते, तीही बघावी. खोक्यावरच्या ‘१५०० वॅट’वर तर अजिबात विसंबू नये. फ्यूज जास्त खरं बोलतात. अंगावर वीसचे दोन फ्यूज म्हणजे चाळीस अँपियर, १३.८ व्होल्टांनी गुणले तर आत जाणारे ५५२ वॅट. जुन्या एबी वर्गाच्या मंडलाची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर बाहेर येतात तीनशेतीसच.

शोध घेताना दर वेळी नवा फ्यूज जाळायची गरज नाही. फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. थंड असताना त्याच्या तंतूचा रोध एक ओहमहूनही कमी असतो, पेटला की सातच्या आसपास जातो. पुढे कितीही मोठा शॉर्ट असो, पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त प्रवाह तो जाऊ देत नाही. आतले कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब लखकन पेटून मंदावला, तर ठीक. भक्क जळतच राहिला, तर शॉर्ट नक्की.

मग बॅटरी सोडवून, कपॅसिटर रिकामे होऊ देऊन मल्टिमीटर लावायचा. मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्सवर दोन्ही दिशांनी बीप आला तर काहीतरी गेलं आहे. मात्र ते समांतर जोडलेले असल्याने सगळेच मेल्यासारखे दिसतात. खरा अपराधी पाय सुटा केल्याशिवाय सापडत नाही. सापडला तरी तो एकटा बदलण्यात अर्थ नाही. सोबतचे मॉसफेट ताणाखालून गेलेले असतात आणि गेटचे बारीक रेझिस्टरही बरेचदा जळतात, तेव्हा एकाच बनावटीचा अख्खा संच घालावा. दुरुस्तीनंतरची पहिली सुरुवातही बल्ब मध्ये ठेवूनच, स्पीकर न जोडता. बल्ब मंद राहिला तरच मूळ मापाचा फ्यूज लावायचा आणि स्पीकर एकेक करून जोडायचे.