मेंडोलिनच्या तारा जास्त दिवस कशा टिकतील?





गेल्या स्नेहसंमेलनात स्वागतगीताच्या दुसऱ्या कडव्याला मेंडोलिनची तार तुटली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले. वाजवणारी आठवीतली मुलगी डगमगली नाही. उरलेल्या तारांवर तिने गाणे पूर्ण केले आणि टाळ्याही मिळवल्या. पण कार्यक्रम संपल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाई, मी जोरात नाही वाजवलं हो." तिचे म्हणणे खरे होते. तार तिच्या हाताने तुटली नव्हती. ती आम्हा मोठ्यांच्या दुर्लक्षाने तुटली होती आणि त्यात माझा वाटा मोठा होता. म्हणून हा लेख.

मी स्वतः मेंडोलिन वाजवत नाही. संगीताच्या सरांना विचारून आणि त्यांच्यासमोर हाताने करून जे समजले, ते सांगते. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे एखादा शब्द आपल्या इंदुरी वळणाचा आला तर सांभाळून घ्यावे.

मेंडोलिन मूळचे इटलीचे. आपल्याकडे ते रुजले हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातून. संगीतकार सज्जाद हुसेन हे मेंडोलिनवर शास्त्रीय संगीत वाजवण्यासाठी नावाजलेले होते आणि ते आपल्या माळव्यातल्या सीतामऊचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकरही आधी मेंडोलिनवादकच होते. तेव्हा हे वाद्य परके समजण्याचे कारण नाही.

त्याला आठ तारा असतात, पण त्या चार जोड्यांत. प्रत्येक जोडीच्या दोन्ही तारा एकाच स्वरात लावतात. स्वर व्हायोलिनचेच: जी, डी, ए आणि ई. सर्वांत बारीक तार पाव मिलीमीटरपेक्षा किंचित जाड असते आणि सेकंदाला सुमारे ६५९ वेळा कंप पावते. एकेका तारेवर साधारण ९ ते ११ किलोचा ताण असतो. म्हणजे त्या एवढ्याशा लाकडी पेटीवर सगळ्या तारा मिळून ७०-८० किलोचा भार रात्रंदिवस ओढ देत असतो. हे ऐकल्यावर मी ते वाद्य उचलताना दोन्ही हात लावू लागले!

आता तार खराब का होते ते पाहू. वरच्या दोन जोड्या साध्या पोलादी तारेच्या असतात. खालच्या दोन जोड्यांत पोलादी तारेवर कांस्याची किंवा निकेलची बारीक तार गुंडाळलेली असते. बोटांच्या घामात मीठ असते. ते तारेवर राहिले की हवेतला ओलावा ओढून घेते आणि पोलाद गंजते. गुंडाळलेल्या तारेत आणखी एक गोष्ट होते. वेढ्यांच्या फटींत घाम, धूळ आणि त्वचेचा मळ जाऊन बसतो. तार जड होते आणि सगळीकडे सारखी जड होत नाही. कुठे मळ जास्त, कुठे कमी. अशी तार सारखी कंप पावत नाही. मोकळी वाजवली तर स्वर बरोबर लागतो आणि वरच्या पडद्यावर दाबली की बेसूर. मुलाला वाटते आपला कान कच्चा आहे. किती मुलांनी या कारणाने वाद्य सोडले असेल, देव जाणे.

जोडीच्या तारांमुळे हा दोष मेंडोलिनमध्ये लवकर उघडा पडतो. दोन तारा एकस्वरात नसल्या तर आवाज थरथरतो. म्हणून एक तार तुटली तरी शक्यतो जोडी बदलावी. जुनी आणि नवी तार शेजारी बसवली तर एक खणखणीत आणि दुसरी मंद, असा संसार नीट चालत नाही.

उपाय म्हणाल तर सर्वांत मोठा उपाय बिनखर्चाचा आहे. वाजवण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावे. मधल्या सुट्टीत पोहे-शेव खाऊन तसेच संगीताच्या तासाला येणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. वाजवून झाल्यावर जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा स्वच्छ, कोरडा तुकडा घ्यावा. तो तारेभोवती चिमटीत धरून घोडीपासून वरच्या टोकापर्यंत प्रत्येक जोडी पुसावी. नुसते वरून फडके फिरवून उपयोग नाही, कारण गंज खालच्या बाजूनेही चढतो. नंतर तेच फडके तारांखालून सरकवून पडदे आणि दांडीही पुसावी. या सगळ्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

पंधरा दिवसांतून एकदा फडक्याच्या कोपऱ्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे दोन-चार थेंब घेऊन तारा पुसाव्यात. मळ सुटतो आणि द्रव उडून जातो. मात्र हा द्रव वाद्याच्या पॉलिशला लागला तर डाग पडतो, म्हणून तारांखाली जाड कागद सरकवून मगच हे काम करावे. लहान मुलांनी ते सरांच्या समोरच करावे. पाण्याने तार कधीच पुसू नये. सँडपेपर किंवा भांडी घासायची जाळी तर अजिबात नको. गंज निघाल्यासारखा दिसतो, पण तारेवर चरे पडतात आणि तिथेच ती तुटते.

आता माझी चूक सांगते. तीन पावसाळ्यांपूर्वी तारांवर तांबूस डाग दिसले, तेव्हा मी शिलाई मशीनचे तेल मागवून आठही तारांना चोळले. घरच्या मशीनला चालते ते इथेही चालेल, असा साधा विचार. चार दिवस तारा छान चमकल्या. मग तेल वेढ्यांत मुरले, त्यावर धूळ बसली आणि खालच्या तारांचा आवाज उशी ठेवल्यासारखा दबला. जोड्या बदलाव्या लागल्या. पालकांनीही कृपा करून खोबरेल तेल लावू नये. दोघा-तिघांनी लावलेले मी वासावरून ओळखले आहे.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा दमट असते, आणि आपली वाद्ये बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असत. ती भिंत ओल धरते. वाद्य वाजवले नाही तरी तारा गंजतात, हे त्यामुळे लक्षात आले. वाद्य कोरडे पुसून पेटीत ठेवावे आणि पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात. नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्याच. उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वाद्य ठेवू नये. तारांपेक्षा लाकडाच्या सांध्यांना ते घातक आहे.

आता त्या तुटलेल्या तारेकडे परत येते. सरांनी ती फेकली नाही. तार कुठे तुटली हे बघितले तर का तुटली हे कळते, असे ते म्हणाले. आमची तार दांडीच्या वरच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते, तिथे तुटली होती. खाचेची कड धारदार होती आणि तिथे गंजही होता. खुंटी पिळताना तार खाचेत अडकायची आणि मग 'टिक' आवाज करून एकदम सरकायची. तो 'टिक' मुलीने अनेकदा ऐकला होता, पण तो सांगण्यासारखा आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. उपाय काय, तर टोकदार मऊ पेन्सिल त्या खाचेत चार वेळा फिरवायची. पेन्सिलीच्या ग्राफाइटने तार सहज सरकते. खाच फारच धारदार असेल तर कारागिराकडून घासून घ्यावी.

तार घोडीवर तुटली तर घोडीची खाच तपासावी. खुंटीजवळ तुटली तर वेढे एकावर एक चढले होते का ते पाहावे. आणि मेंडोलिनची एक खास चूक असते. मूल जोडीतली एक तार छेडते आणि खुंटी फिरवते दुसरीच. स्वर बदलत नाही म्हणून आणखी फिरवते, आणखी फिरवते, आणि फट्! म्हणून आधी बोटाने तारेचा माग काढत खुंटीपर्यंत जावे, मग पिळावे. स्वर खालून वर चढवत लावावा. पुढे गेला तर खाली उतरवून पुन्हा चढवावा. रोज रात्री तारा ढिल्या करून ठेवण्याची काही घरांत पद्धत आहे. तीही नको. पुन्हापुन्हा ढिली-ताण केल्याने धातू वाकायच्या जागी थकतो.

तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नयेत. मेंडोलिनची घोडी सहसा चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबानेच उभी असते. सगळ्या तारा काढल्या की ती सरकते, आणि मग सगळेच पडदे बेसूर बोलतात. एक काढावी, एक चढवावी. घोडीच्या पायाशी कागदी चिकटपट्टीची खूण केली तर आणखी बरे.

एवढे करूनही तार अमर होत नाही. तांबूस झाली, बोटाला खरखरीत लागली, पडद्यावर दबून खालून खाचा पडल्या किंवा जोडी काही केल्या जुळेना, की बदलावी. वरून पातळ लेप दिलेल्या तारा मिळतात, त्या महाग असतात पण जास्त टिकतात. घामेजल्या हातांच्या मुलांना त्या परवडतात, बाकीच्यांना साध्याच पुरेत असे माझे मत.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. संगीत कक्षात आतल्या भिंतीला दाराचे एक लाकडी कपाट मिळावे. आजवर तारांवर झालेला खर्च पाहता ते कपाट महाग पडणार नाही. हिशेब कार्यालयात ठेवला आहे. तोपर्यंत दोन्ही मेंडोलिन माझ्या खोलीत पेटीत आहेत. किल्ली सरांकडे आणि फडकी पेटीच्या झाकणात. तारा बदलल्याची तारीख पेटीच्या आतल्या चिठ्ठीवर लिहावी. काढलेल्या तारा गुंडाळून खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात, जमिनीवर नाही. त्यांची टोके सुईसारखी असतात आणि संगीताच्या तासाला मुले अनवाणी बसतात.